नाव झाकून कविता वाचली तर? (यी-फेन चोऊ प्रकरणाच्या निमित्तानं)

झिम्मा | शनिवार, रात्री ९:१२

परवा आमच्या इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकाची बैठक झाली. कविता निवडताना कवींची नावं झाकायची की नाही, या एका मुद्द्यावर दोन तास गेले. चहा गार झाला, पोहे संपले, निर्णय झाला नाही. मध्येच एका काकांनी ‘तो चिनी बाईच्या नावानं लिहिणारा गोरा माणूस’ असं म्हणून एक जुनं प्रकरण काढलं आणि निम्मं चुकीचं सांगितलं. घरी येऊन सगळं पुन्हा वाचलं. इथे कवितेवर जीव असलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ‘बेस्ट अमेरिकन पोएट्री’ नावाचा संग्रह १९८८पासून दरवर्षी निघत आला. डेव्हिड लेहमन हे मालिकेचे संपादक, आणि दर वर्षी एक पाहुणा संपादक. वर्षभरात अमेरिकेतल्या मासिकांत-त्रैमासिकांत छापून आलेल्या कवितांतून त्यानं ७५ निवडायच्या. २०१५च्या अंकाचे पाहुणे संपादक होते शर्मन अलेक्सी, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन जमातीत वाढलेले मूळनिवासी अमेरिकन लेखक. त्यांनी निवडलेल्या कवितांत एक होती ‘द बीज, द फ्लॉवर्स, जीझस, एन्शंट टायगर्स, पोसायडन, अ‍ॅडम अँड ईव्ह’. (हो, एवढं सगळं शीर्षकातच.) नेब्रास्का विद्यापीठाच्या ‘प्रेअरी स्कूनर’मध्ये ती आधी छापून आली होती. कवीचं नाव यी-फेन चोऊ.

निवड कळवल्यावर कवीनं अलेक्सींना लिहिलं की यी-फेन चोऊ असं कुणी नाही. मी मायकेल डेरिक हडसन, इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनचा, गोरा. संग्रहाच्या शेवटी कवी आपापल्या कवितेबद्दल टिपण लिहितात, त्यात त्यानं हिशेबच मांडला. ही कविता स्वतःच्या नावानं ४० वेळा साभार परत आली. मग यी-फेनच्या नावानं पाठवली, ती ९ वेळा परत आली, आणि मग ‘प्रेअरी स्कूनर’नं घेतली. त्या नावाच्या चार कविता त्यांनी एकदम घेतल्या. जी कविता आपल्या नावानं फार वेळा परत येते तिच्यावर मी हे नाव घालतो, आणि हा उपाय चांगला लागू पडतो, असं त्यानं बिनदिक्कत लिहून टाकलं. सप्टेंबर २०१५मध्ये पुस्तक बाहेर आलं आणि भडका उडाला.

अलेक्सींनी कविता काढली नाही. ती आजही त्या पुस्तकात यी-फेन चोऊ याच नावाखाली आहे.

तर प्रश्न असा, की चूक नक्की कुणाची आणि कुठली? आणि नावं झाकली असती तर ती टळली असती का?

चष्मिष | शनिवार, रात्री ९:५०

छान विषय. पण मला खरंच कळत नाही, टोपणनावात गैर काय आहे? आपली अर्धी मराठी कविता टोपणनावांवर उभी आहे. केशवसुत, बालकवी, कुसुमाग्रज, ग्रेस. गडकऱ्यांनी तर कवितेला गोविंदाग्रज आणि विनोदाला बाळकराम अशी दोन वेगळी नावं घेतली. खानोलकरांनी ‘आरती प्रभू’ असं चक्क बाईचं नाव घेतलं. कुणी त्यांना कोर्टात खेचलं नाही.

उनाड पारवा | शनिवार, रात्री १०:१५

चष्मिषताई, नेमकं बोललात.

आणि मी एक पायरी पुढे जातो. हडसननं जे केलं तो प्रयोग होता. तीच कविता, त्यातला एक स्वल्पविरामही बदललेला नाही. गोऱ्या नावानं ४० वेळा साभार परत, चिनी नावानं दहाव्या खेपेला पास. आणखी काय पुरावा हवा? साहित्यात आता कविता कोण वाचतंय, सगळे आडनाव वाचतायत. ज्यानं हे उघडं पाडलं त्यालाच शिव्या. उलटा चोर कोतवालाला डांटे.

सव्वापाच | शनिवार, रात्री ११:३१

पारवाभाऊ, प्रयोग म्हणू नका हो, आमच्या पोटात दुखतं.

आकडे मांडतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा. समजा एखाद्या बऱ्या मासिकात आलेल्या शंभर कवितांतल्या दोन घेतात. (गृहीत धरलंय. नावाजलेल्या ठिकाणी याहून कमीच असतील.) अशा परिस्थितीत सलग ४० नकार मिळण्याची शक्यता किती? ०.९८चा चाळिसावा घात, म्हणजे जवळपास ४५ टक्के. निम्म्या कवींच्या नशिबात हे असतंच. पुढच्या दहा प्रयत्नांत निदान एकदा होकार येण्याची शक्यता १८ टक्के. दोन्ही लागोपाठ घडण्याची ८ टक्के. नाव काहीही असो, कविता तीच आणि संपादकांना नावाशी काही देणंघेणं नाही असं धरून ही ८ टक्के आहे बरं का. अमेरिकेत कविता पाठवणारे हजारोंनी आहेत. ज्यांच्या बाबतीत नाव बदलूनही काही झालं नाही ते टिपण लिहायला येत नाहीत.

शिवाय ४० मासिकं वेगळी, दहा वेगळी, वर्षं वेगळी. खरा प्रयोग करायचा तर एकाच वेळी, एकाच प्रकारच्या ठिकाणी, दोन्ही नावांनी पाठवायला हवं. बर्ट्रांड आणि मुलैनाथन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोत नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५००० खोटे अर्ज पाठवले होते, त्यांचा निबंध २००४चा. अर्ज सारखेच, नावं गोरी वाटणारी किंवा काळी वाटणारी. गोऱ्या नावांना ५० टक्के जास्त बोलावणी आली. याला म्हणतात प्रयोग. आणि त्याचा निकाल कुठल्या बाजूला गेला तेही बघा.

आणि एक. चिनी नावानं ९ वेळा परत आली, त्या नऊंबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. तेव्हा कुठे गेलं होतं ते आडनाव वाचणं?

उनाड पारवा | शनिवार, रात्री ११:४८

ठीक आहे, गणित मान्य. ४० आणि १० सोडून देऊ.

पण अलेक्सींनी स्वतः कबूल केलंय ना, की नाव चिनी होतं म्हणून ती कविता जास्त लक्षपूर्वक वाचली? मग? त्याला तर आकडेमोड लागत नाही.

झिम्मा | रविवार, सकाळी ७:२०

पारवा यांचा हा मुद्दा बरोबर आहे. मला या सगळ्या प्रकरणात तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अलेक्सींनी तेव्हा एक मोठा खुलासा लिहिला होता. निवड करायला बसताना त्यांनी स्वतःसाठी नियम घातले होते. जवळच्या मित्राची कविता घ्यायची नाही, हा पहिला. पुढे एक असा, की आजवर ज्यांच्याकडे कमी लक्ष गेलं त्यांच्याकडे मुद्दाम बघायचं. त्यात स्त्रिया होत्या, गोरे नसलेले कवी होते, तरुण होते, कधी नावाजले न गेलेले म्हातारे कवी होते, आणि यमक-वृत्तात लिहिणारेसुद्धा होते. शेवटी संग्रहात साधारण ६० टक्के स्त्रिया आणि ४० टक्के गोरे नसलेले कवी आले.

मग ते म्हणतात, यी-फेन चोऊ हे नाव दिसलं आणि मी त्या कवितेला झुकतं माप दिलं. कवितेत चिनी असं काही नव्हतं, उघड नाही की आडून नाही. चिनी नावाची व्यक्ती पोसायडन या ग्रीक देवावर आणि अ‍ॅडम-ईव्हवर लिहितेय याचीच गंमत वाटली. याला त्यांनी स्वतःच वांशिक वशिलेबाजी म्हटलं. गोरे लोक वर्षानुवर्षं आपसात हीच करत आले, मीही केली, असं.

कविता का ठेवली? कारण काढली असती तर आपण नाव बघून निवडली हे लपवल्यासारखं झालं असतं, आणि संग्रहातल्या इतर सगळ्या कवींवर संशय आला असता की यांनाही नावामुळेच घेतलं की काय. त्यापेक्षा सगळ्यांनी मला हसावं, असा त्यांचा हिशेब.

मला हा माणूस या जागी आवडला. ‘मी फक्त कविता बघतो’ असं म्हणणाऱ्या संपादकांची मला भीती वाटते. आमच्या बैठकीतले ते काकाही तेच म्हणत होते, आणि गेल्या चार अंकांत त्यांच्या पसंतीच्या कविता बघितल्या तर सगळे कवी एकाच शहरातले, त्यातही एकाच नदीच्या एकाच काठावरचे.

साखरलिंबू | रविवार, सकाळी १०:०५

चष्मिष, तुमच्या प्रश्नाकडे परत येते, कारण तो मागे पडला.

इंग्लिश लेखिका ब्राँटे बहिणींनी १८४६मध्ये करर, एलिस आणि अ‍ॅक्टन बेल या नावांनी कविता छापल्या. पुस्तकाच्या दोन प्रती खपल्या, ते सोडा. शार्लटनं पुढे कारण सांगितलं: बाईनं लिहिलंय म्हटलं की लोक आधीच नाक मुरडून वाचतात अशी धास्ती होती. त्यांच्यासाठी दार बंद होतं, म्हणून दुसऱ्याचा अंगरखा घालून आत शिरल्या. हडसनसाठी दार बंद नव्हतं. त्याच्या स्वतःच्या नावानंही मासिकांतून कविता येत होत्या. त्याच्याकडे दोन अंगरखे होते, ज्या दिवशी जो चालेल तो. खऱ्या चिनी-अमेरिकन कवयित्रीकडे एकच असतो, आणि तो उन्हाळ्यातही काढता येत नाही.

खानोलकरांचं म्हणाल तर ‘आरती प्रभू’ नावामुळे कुणा बाईची जागा गेली असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. तेव्हा बाईचं नाव असणं फायद्याचं होतं का, हाच प्रश्न आहे.

आणि आणखी एक गोष्ट झिम्माताईंनी लिहिली नाही. ते नाव हवेतून आलेलं नव्हतं. बातम्या आल्यावर एक कुटुंब पुढे आलं: हे आमच्या मुलीचं नाव, ती फोर्ट वेनमध्ये हडसनच्याच शाळेत होती. आपलं नाव, शाळेतल्या कुठल्याशा मुलानं, पंचवीस-तीस वर्षांनी, न विचारता. माझं नाव असं कुणी वापरलं असतं तर कविता कितीही चांगली असो, मी आधी त्याच्या घरी गेले असते.

चष्मिष | रविवार, सकाळी १०:४०

बाप रे. हे माहीत नव्हतं. मग विषयच वेगळा होतो. टोपणनाव आणि दुसऱ्याचं नाव यात फरक आहे, मागे घेते.

टेकडीवरचा | रविवार, दुपारी १२:१८

जेवायच्या आधी थोडं अवांतर, पण अगदीच नाही.

ऑस्ट्रेलियात १९४४ साली ‘अँग्री पेंग्विन्स’ या मासिकानं अर्न मॅली नावाच्या, अकाली वारलेल्या मोटार मेकॅनिकच्या कविता थाटात छापल्या. अर्न मॅली नव्हताच. जेम्स मॅकऑली आणि हॅरल्ड स्ट्युअर्ट या दोन कवींनी, नवकवितेची फजिती करायची म्हणून, हाताला लागेल ते पुस्तक उघडून त्या एका दुपारी पाडल्या होत्या. एका कवितेच्या सुरुवातीच्या ओळी तर डासांची पैदास रोखण्याच्या अमेरिकन अहवालातून उचललेल्या. गंमत अशी की लेखक खोटा निघाला तरी कविता मेल्या नाहीत, आजही वाचल्या जातात. आणि खटला भरला तो फसवणाऱ्यांवर नाही, फसलेल्या संपादकावर, अश्लीलतेचा. मॅक्स हॅरिसला ५ पौंड दंड झाला.

दुसरं आराकी यासुसादाचं. ‘अमेरिकन पोएट्री रिव्ह्यू’नं १९९६मध्ये हिरोशिमातून वाचलेल्या या जपानी कवीची खास पुरवणीच काढली. हाही नव्हता. बोट दाखवलं गेलं इलिनॉयमधल्या केंट जॉन्सन नावाच्या प्राध्यापकाकडे. त्यानं आपण लिहिल्याचं कधी सरळ कबूल केलं नाही. पकडलं कसं? परिचयात लिहिलं होतं की यासुसादा १९२५ ते १९२८ हिरोशिमा विद्यापीठात शिकला. विद्यापीठ स्थापन झालं १९४९ला! एवढं साधं संपादकांना दिसलं नाही, कारण त्यांना कवितेपेक्षा बॉम्बमधून वाचलेला माणूस हवा होता.

मला या दोन गोष्टींत एक फरक दिसतो. मॅलीत टर उडवली ती कवितेच्या एका पंथाची. यासुसादात वापरलं गेलं ते लोकांचं मरण. हडसन या दोघांच्या मध्ये कुठेतरी. त्याच्या कवितेत चीन नाहीच, फक्त सहीत आहे.

पंक्चर | रविवार, दुपारी १२:२५

डासांच्या अहवालातून कविता! आमच्या नगरपालिकेच्या फवारणी पत्रकाला आता ज्ञानपीठ द्या.

(धागा शंभरी गाठणार. चहा टाकतो.)

ओसरी | रविवार, रात्री ८:५०

इथे थोडं आतलं सांगू शकतो. अमेरिकेत शिकत असताना तीन वर्षं विद्यापीठाच्या एका साहित्यिक त्रैमासिकासाठी फुकट वाचक म्हणून काम केलं. नाव सांगत नाही.

बाहेरून वाटतं की संपादक कविता वाचतो. संपादकापर्यंत कविता पोचेपर्यंत ती आमच्यासारख्या दोन-तीन विद्यार्थ्यांच्या हातातून गेलेली असते. सगळं ‘सबमिटेबल’ नावाच्या प्रणालीतून यायचं. पडद्यावर यादी: डावीकडे नाव, मग शीर्षक, तारीख. कवितेवर टिचकी मारली की वर पाठवणाऱ्याचं पत्र, त्यात आधी कुठे छापून आलंय त्याची जंत्री, आणि त्याखाली कविता. म्हणजे कविता वाचायच्या आधी नाव, गाव, मागच्या दहा वर्षांचा इतिहास वाचून झालेला असतो. एका बैठकीत ऐंशी-नव्वद पानं व्हायची. खरं सांगतो, रात्री अकरानंतर मी पहिल्या चार ओळींत निकाल लावायचो. गुरुवारी रात्री ज्यांच्या कविता माझ्या वाट्याला आल्या त्यांची मी आजही माफी मागतो.

नावानं काय व्हायचं? ‘हे वेगळं असेल’ म्हणून दोन मिनिटं जास्त मिळायची. एवढंच. पण त्या ढिगाऱ्यात दोन मिनिटं म्हणजे फार. आणि ती दोन मिनिटं फक्त वेगळ्या नावाला नाही मिळायची, मोठ्या विद्यापीठाचं नाव असेल तरी मिळायची, अमक्या पुरस्काराची जंत्री असेल तरी मिळायची. त्याला कुणी वशिला म्हणत नाही. ज्या गोऱ्या मुलानं नामांकित ठिकाणी एमएफए (लेखनकलेची पदवी) केलंय त्याच्या पत्रातली ती एक ओळ यी-फेन चोऊपेक्षा कितीतरी जड असते.

आमच्या इथल्या एका सहवाचकानं मला एकदा हसत म्हटलं, ‘तुझं बरं आहे, तुझ्या नावावर कविता खपतील.’ तीन वर्षांत माझी एकही खपली नाही. तेव्हा जेनी झांग या चिनी-अमेरिकन लेखिकेनं एक लेख लिहिला होता, त्याच्या शीर्षकाचा अर्थ साधारण असा: आम्ही अस्तित्वातच नाही असं दाखवतात आणि आमचं सोंगही घेतात. तो वाचताना मला तो सहवाचक आठवला. एशियन अमेरिकन रायटर्स वर्कशॉपनं तर चिडून आशियाई कवींसाठी गोरं टोपणनाव बनवून देणारं एक पान काढलं होतं. मी माझं नाव घालून बघितलं होतं, काय आलं ते सांगत नाही.

उनाड पारवा | रविवार, रात्री ९:३३

ओसरी, प्रतिसाद आवडला. पण मग उपाय सरळ आहे ना? नावं झाका. पत्र झाका. एमएफए झाका. पडद्यामागून वाजवून घेतात वाद्यवृंदात, तसं. मग ना गोरा, ना चिनी, ना कुणाचा भाचा. यात कुणाला काय अडचण आहे तेच कळत नाही.

सव्वापाच | रविवार, रात्री १०:१०

वाद्यवृंदाचं उदाहरण चांगलं आहे, पण पूर्ण सांगा. पडदे लावले, तरी चालताना टाचांचा आवाज यायचा आणि बाई आहे हे कळायचं. म्हणून कुठे सतरंजी अंथरली, कुठे बूट काढायला लावले. गोल्डिन आणि राउस या दोघींचा २०००चा निबंध प्रसिद्ध आहे, पडद्यामुळे स्त्रियांची निवड वाढली असा त्यांचा निष्कर्ष. पण काळ्या वादकांची संख्या काही वाढली नाही, म्हणून २०२०मध्ये न्यू यॉर्क टाइम्सच्या संगीत समीक्षकानं, अँथनी टोमासिनीनं, पडदा काढा असंच लिहिलं. कारण पडद्यापर्यंत पोचायला लागणारा शिक्षक, वाद्य आणि वीस वर्षं पडद्याच्या अलीकडेच वाटून झालेली असतात.

आणि अलेक्सींना नावं झाकता आलीच नसती. ते छापील मासिकं वाचत होते. नाव कवितेच्या डोक्यावर छापलेलं.

मु. पो. मेहकर | सोमवार, पहाटे ५:५२

दोन दिवस नुसता वाचतोय. लिहू की नको करत होतो.

तुम्ही सगळे अमेरिकेतल्या नावाबद्दल बोलताय, चांगलं आहे. १९२६ सालात लँग्स्टन ह्यूजेस या काळ्या अमेरिकन कवीनं एक निबंध लिहिला, त्याची सुरुवात एका तरुण काळ्या कवीपासून होते. तो म्हणतो मला कवी व्हायचंय, काळा कवी नाही. ह्यूजेस म्हणतात याचा अर्थ याला गोरं व्हायचंय. मी एम.ए.ला असताना हे वाचलं आणि रात्रभर झोप नाही. कारण मी तेव्हा आडनाव गाळून कविता पाठवत होतो. नुसतं पहिलं नाव आणि गावाचं नाव. आमच्याकडे आडनाव म्हणजे पत्ता असतो, घराचा नाही, गावाच्या कुठल्या बाजूला राहता त्याचा. बाबूराव बागुलांच्या १९६३च्या संग्रहाच्या नावातच आहे ते, ‘जेव्हा मी जात चोरली होती’. हडसननं जात उचलली, आमच्यातल्या कितीकांनी जात चोरली. चोरी दोन्हीकडे, पण घरात काय उरतं ते बघा.

आडनाव गाळून पाठवलेली एक कविता एका दिवाळी अंकानं घेतली. मला एवढा आनंद, की अंक यायच्या आधी तालुक्याच्या स्टँडवर तीन फेऱ्या. अंक आला. कविता माझी होती, पण नव्हती. मी लिहिलं होतं, ‘माय, तू मले काहून नाही सांगितलं’. छापलं होतं, ‘आई, तू मला का नाही सांगितलं’. भाकरचं भाकरी केलं होतं. संपादकांना फोन केला. ते अतिशय गोड बोलले. म्हणाले, प्रमाणलेखन केलंय, अर्थ तोच आहे, उलट आता सगळ्यांना कळेल.

नाव झाकून काय होईल, पारवाभाऊ? मराठीत नाव झाकलं तरी ‘मले’ उघडंच राहतं. ‘काहून’ उघडं राहतं. ज्याला वाचता येतं त्याला पहिल्या ओळीत माझा जिल्हा कळतो, दुसऱ्या ओळीत बाकीचं. मग दोनच गोष्टी होतात. नाही तर ‘अस्सल ग्रामीण’ म्हणून घेतात, नाही तर धुऊन-पुसून घेतात. मला दोन्हींचा अनुभव आहे.

१९६७ला डॉ. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादहून ‘अस्मिता’ हे दलित साहित्याचं नियतकालिक सुरू केलं, तेच पुढे ‘अस्मितादर्श’ झालं. तिथे कुणी मला विचारलं नसतं की मले म्हणजे काय. आमचे सर म्हणायचे, दुसऱ्याच्या ओसरीवर मान खाली घालून बसण्यापेक्षा आपली ओसरी बांधावी. (ओसरी यांना उद्देशून नाही, हसू नका.)

टेकडीवरचा | सोमवार, सकाळी ८:१५

मेहकरभाऊ, हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद. ‘माय’चं ‘आई’ केलं तर ओळीचा गळाच जातो हो.

उनाड पारवा | सोमवार, सकाळी ९:०२

मेहकरभाऊ, वाईट वाटलं वाचून, मनापासून. पण माझा प्रश्न तसाच राहतो. तुमची कविता ‘अस्सल ग्रामीण’ म्हणून घेतली तरी तुम्हाला ते खटकतं. मग संपादकानं करायचं काय? नाव बघून घेतली तर वशिला, न बघता घेतली तर आंधळेपणा.

मु. पो. मेहकर | सोमवार, दुपारी १:४०

करायचं काय? वाचायचं, भाऊ. दोनदा वाचायचं. ‘काहून’ कळलं नाही तर फोन करायचा. माझा नंबर कवितेच्या खालीच होता.

आणि वशिल्याचं म्हणाल तर अलेक्सींनी कबूल केलं म्हणून आपण इथे त्यांच्यावर बोलतोय. बाकीच्यांनी कबूल केलं नाही म्हणून त्यांच्यावर धागा नाही.

साखरलिंबू | सोमवार, दुपारी २:३०

+१. यावरून आठवलं, २०११मध्ये रीटा डव्ह या काळ्या अमेरिकन कवयित्रीनं विसाव्या शतकातल्या अमेरिकन कवितेचा संग्रह काढला तेव्हा समीक्षक हेलन व्हेंडलरनी झोडपलं होतं. तक्रार अशी की १७५ कवी घेतलेत, कुठल्याही शतकात इतके वाचण्यासारखे कवी नसतात, आणि विविधतेसाठी माप सैल केलंय. डव्हनी सडेतोड उत्तर दिलं. पण मला कायम वाटत आलंय, की संख्या मोजायची आठवण लोकांना नेमकी तेव्हाच कशी होते? आधीच्या संग्रहांत काळे कवी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असायचे तेव्हा ‘माप कुठून आणलं’ असं कुणी विचारत नव्हतं.

ओसरी | सोमवार, संध्याकाळी ६:५५

झिम्मा, तुमच्या अंकाचं काय ठरलं शेवटी? आणि गेल्या वर्षी नावं झाकली होती का?

झिम्मा | सोमवार, रात्री ११:२०

गेल्या वर्षी झाकली होती. मीच झाकली होती. एक्सेलमध्ये ‘क’ स्तंभ लपवला, प्रत्येक कवितेला नुसता क्रमांक दिला आणि पाच जणांना पाठवली. ६४ कविता आल्या होत्या, १४ घेतल्या. मला त्याचा फार अभिमान होता, म्हणून तर हा धागा काढला. यंदा काकांचा विरोध होता आणि मी हट्टाला पेटले होते.

मेहकर यांचा प्रतिसाद सकाळी गाडीत बसल्याबसल्या वाचला. संध्याकाळी घरी आल्यावर गेल्या वर्षीच्या फाइली उघडल्या. क्रमांक ३७. अमरावतीहून कामासाठी इकडे आलेल्या एका मुलीची कविता होती, आजीवर. नाव कुणालाच माहीत नव्हतं आणि पाचही जणांनी तिला हो म्हटलं होतं. माझी निवड बरोबर होती याचा पुरावा म्हणून मी ती बैठकीत दोनदा सांगितली होती.

मग मुद्रितशोधनाची प्रत उघडली. लाल रंगातल्या दुरुस्त्या माझ्या आहेत, बाजूला माझी आद्याक्षरं. ‘मले’चं ‘मला’, चार ठिकाणी. ‘काहून’चं ‘का’. ‘तिले’चं ‘तिला’. शेवटच्या कडव्यात ‘बुडी’चं ‘म्हातारी’ केलंय, आणि समासात मी लिहिलंय, ‘वाचकांना बुडणं वाटेल’.

तिनं कधी तक्रार केली नाही. आभाराची ईमेल आली होती, ती पण बघितली आत्ता.

छापील अंकाचं आता काही करता येत नाही. संकेतस्थळावरची कविता मघाशी तिनं पाठवली होती तशी करून टाकली. तिला फोन लावला, उचलला नाही, रात्र फार झालीय. उद्या पुन्हा लावते.